मल्टिपल स्क्लेरोसिस आणि नोकरीतील डोक्याचे काम

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात रहिमतपूर येथे दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



या कार्यक्रमात दरवर्षी आपण शिक्षण, व्यसनमुक्ती, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर व्याख्याने ऐकत आलो आहोत. यंदा कार्यकर्त्यांनी मला "ताई, तुमच्या आजाराविषयी बोला" अशी गळ घातली, तेव्हा मी प्रथम नको म्हटले. आजाराविषयी डॉक्टरांनी बोलावे. मी बँकेतील लिपिक, कला शाखेची पदवीधर. परंतु हा आजार घेऊन रोज सकाळी दहाला काउंटरवर कसे बसायचे, हे डॉक्टर सांगत नाहीत. ते त्यांचे कामही नव्हे. तेवढ्यापुरते मी बोलणार आहे. भाषण मी लिहून आणले आहे आणि वाचूनच दाखवणार आहे, त्याबद्दल राग मानू नये. वाचून का, ते पुढे आपोआप कळेल.

आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर मंडळी थोडक्यात एम.एस. म्हणतात. माझ्या भावाने नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना फोनवर सांगितले, "आक्काला एम.एस. झालंय." तर ते म्हणाले, "अरे वा! नोकरी करून सर्जन झाली की पोरगी!" त्यांच्या बोलण्यात काही वावगे नव्हते. आपल्या भागात हे नाव कोणी ऐकलेलेच नसते. फार दिवसांपर्यंत हा आजार भारतात जवळजवळ नाहीच असे वैद्यकातील जाणकारसुद्धा समजत असत. मुंबईचे नामवंत मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजातील रुग्णांचा अभ्यास करून १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा त्या समाजात तरी हा आजार मानला जात होता त्यापेक्षा बराच अधिक आहे असे दिसून आले. पुढे एम.आर.आय. यंत्रे गावोगावच्या रुग्णालयांत आली आणि इतर समाजांतही रुग्ण सापडू लागले. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन नोकरी-संसाराच्या वयात हा सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुप्पट ते तिप्पट असते.

होते काय, हे शेतकऱ्यांच्या भाषेत सांगते, कारण समोर ऊसवाले आणि आलेवाले पुष्कळ बसले आहेत. विहीर तीच, मोटार तीच, पाणीही तेवढेच. परंतु पाटाचा बांध ठिकठिकाणी झिरपू लागला तर शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोहोचायला उशीर लागतो, आणि एखादे दिवशी पोहोचतही नाही. मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांतील तंतूंवर एक स्निग्ध वेष्टन असते. शरीराचे रक्षण करणारी जी आपली प्रतिकारशक्ती, तीच चुकून या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन जागोजागी झिजले, की निरोप उशिरा पोहोचतो. झीज कुठे झाली त्याप्रमाणे कोणाची दृष्टी अंधूक होते, कोणाचे पाय बधिर होतात, कोणाचा तोल जातो, कोणाचे लघवीवरचे नियंत्रण जाते. माझ्या एका डोळ्यापुढे आठ-दहा दिवस धुके आले होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल अशी आमची समजूत. नंतर डावा पाय जड झाला. मग सातारा, मग पुणे, मग तपासण्या.

या सर्व गोष्टी लोकांना समजतात. काठी घेतली की समजते, लंगडले की समजते. मला आज बोलायचे आहे ते जे समजत नाही त्याबद्दल, म्हणजे डोक्याबद्दल.

या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये केले. त्यांच्या व्याख्यानांतच नोंद आहे की या रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते आणि विचार सावकाश जुळतात. म्हणजे ही गोष्ट पहिल्यापासून माहीत होती. तरीही पुढे शंभर वर्षे डॉक्टरांचे लक्ष हातापायांकडेच राहिले. १९९१ मध्ये अमेरिकेत स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर रुग्णांची तपशीलवार चाचणी घेतली. त्यांत अठ्ठेचाळीस जणांच्या आकलनावर किंवा स्मरणावर परिणाम झालेला आढळला. आता मला जी गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते ती ऐका. हे अठ्ठेचाळीस आणि उरलेले बावन्न यांच्या शारीरिक अपंगत्वात म्हणावा असा फरक नव्हता. आजार किती वर्षे आहे, यातही नव्हता. परंतु नोकरीवर टिकून असलेले लोक पहिल्या गटात कमी होते. पाय दोघांचे सारखेच, मात्र नोकरी सुटली ती डोक्यामुळे. आज सर्वसाधारणपणे शंभरातील चाळीस ते पासष्ट रुग्णांना असा त्रास कमीअधिक होतो असे मानतात.

"डोक्यावर परिणाम" म्हटले की आपल्या लोकांच्या मनात लगेच वेडाची कल्पना येते. तसे हे नाही. बुद्धी जात नाही, ज्ञान जात नाही, शब्दांचा अर्थ जात नाही. बी.ए.ला वाचलेले मला आजही आठवते. जातो तो वेग. ऐकलेली गोष्ट मनात धरून त्याच वेळी दुसरी गोष्ट करणे, हे जमेनासे होते. शब्द जिभेवर येतो आणि थांबतो. दोन माणसे एकदम बोलू लागली की एकाचेही नीट कळत नाही. आणि या सगळ्यावर थकवा. हा थकवा शेतात राबल्याचा नव्हे. झोपून उठल्यावरही तो असतो.

हे तपासण्याच्या दोन चाचण्या आहेत. पहिलीत कागदाच्या वरच्या बाजूला नऊ चिन्हे आणि त्यांचे नऊ आकडे दिलेले असतात, खाली नुसती चिन्हे. नव्वद सेकंदांत जास्तीत जास्त चिन्हांचे आकडे सांगायचे. सोपी वाटते, पण वेग मोजायला याहून चांगली चाचणी नाही असे म्हणतात. दुसरी मात्र थेट कॅशियरचीच परीक्षा आहे. दर तीन सेकंदांना एक आकडा ऐकवतात. प्रत्येक नवा आकडा त्याच्या लगेच आधीच्या आकड्यात मिळवून उत्तर सांगायचे, आणि तुम्ही उत्तर सांगताय तोवर पुढचा आकडा येतो. म्हणजे आपण सांगितलेले उत्तर विसरायचे आणि ऐकलेला आकडा लक्षात ठेवायचा. ही चाचणी दिली तेव्हा मला हसूच आले. मी त्या बाईंना म्हटले, "मॅडम, हे मी रोज करते, फक्त समोर लोक रांगेत ओरडत असतात."

आता काउंटरचे सांगते. कारखान्याचे उसाचे बिल खात्यांवर जमा झाले की त्या आठवड्यात आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. समोर पैसे काढण्याची स्लिप. सही जुळवायची, शिल्लक पाहायची, नोंद करायची, नोटा मोजायच्या, कोणत्या किती नोटा ते लिहायचे. इतक्यात बाजूने कोणी विचारते, "मॅडम, आधार जोडलं का हो?" मागून शिपाई म्हणतो, "साहेबांनी कालची फाईल मागितलीय." फोन वाजतो. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनवाले आजोबा हयातीचा दाखला घेऊन उभे. निरोगी माणूस या चारही गोष्टी मनाच्या चार खणांत ठेवतो आणि एकेक काढतो. माझ्याकडे एक खण. त्यात दुसरी वस्तू ठेवली की पहिली खाली पडते. ही गोष्ट मला शब्दांत मांडता आली, तेव्हा अर्धे काम झाले. "मला आठवत नाही" असे म्हटले की लोक "बदाम खा" म्हणतात. "मला एका वेळी एकच काम द्या, मी ते अचूक करीन" असे म्हटले की ती सोडवता येण्यासारखी अडचण होते.

आणि बंधू-भगिनींनो, विचार करता करता माझ्या लक्षात आले की ज्या संस्थेत मी वीस वर्षे काम करते आहे, ती बँकच मुळी माणसाच्या स्मरणशक्तीवर विश्वास न ठेवण्याच्या तत्त्वावर उभी आहे! तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात. व्यवहाराची नोंद एकाने करायची, मंजूर दुसऱ्याने करायची. तोंडी सांगण्याला किंमत नाही, व्हाउचर पाहिजे. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जायचे नाही. हे सारे नियम एम.एस. झालेल्यांसाठी केलेले नाहीत. धडधाकट, हुशार माणसाचे डोकेही दगा देते म्हणूनच ते केले. मग माझ्यासाठी त्याच नियमांची एखादी ओळ वाढवली, तर बँकेवर कोणते आकाश कोसळणार आहे?

मी काय करते ते सांगते. यातले काही वाचून समजले, काही पुण्याच्या तज्ज्ञ बाईंनी सांगितले, काही माझे मीच जुळवले.

चिठ्ठ्या मी बंद केल्या. चिठ्ठी हरवते, आणि कोणत्या चिठ्ठीवर काय लिहिले ते आठवायला पुन्हा स्मरणशक्ती लागते. एक बांधलेली वही, एकच. डाव्या पानावर आलेले काम, उजव्या पानावर झालेले काम, वेळेसह. कोणी तोंडी काही सांगितले की मी म्हणते, "थांबा, लिहिते," आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवते. सुरुवातीला लोकांना विचित्र वाटले. आता साहेब स्वतःच वही मागवून घेतात, कारण मागच्या महिन्यात काय ठरले होते ते त्यांनाही आठवत नाही.

हातातले व्हाउचर पुरे होईपर्यंत त्यावर डावे बोट ठेवते. कोणी मध्ये बोलले तर बोट न उचलता म्हणते, "दादा, एवढं पुरं करते, मग तुमचंच." गावातील माणसे समजूतदार असतात. उत्तर मिळाले की ती थांबतात. न बोलता बसले तरच आरडाओरडा होतो. नोटांचे आकडे मोठ्याने म्हणते. ऐकले की ते डोक्यात थोडे जास्त टिकतात. मोबाइल पिशवीत, आवाज बंद. औषधाच्या वेळेचा गजर तेवढा चालू.

जोखमीचे काम सकाळी. दोननंतर माझे डोके मंद होते हे मला ठाऊक आहे, म्हणून मुदत ठेवींचे नूतनीकरण, नवीन खात्यांची कागदपत्रे, ज्यांत बारकावे आहेत ते सारे जेवणापूर्वी. दुपारी पासबुक छापणे, फायली लावणे. डबा खाल्ल्यावर पंधरा मिनिटे मागच्या खोलीत डोळे मिटून बसते. झोपत नाही. त्या पंधरा मिनिटांनी पुढचे दोन तास पार पडतात.

पासवर्डची गोष्ट तर सांगायलाच हवी. बँकेचा नियम असा की पासवर्ड ठराविक दिवसांनी बदलायचा, कोणाला सांगायचा नाही आणि कुठे लिहूनही ठेवायचा नाही. नियम योग्यच आहे. परंतु ज्याची स्मरणशक्तीच आजारी, त्याने काय करावे? मी एक स्वतःची रीत बसवली आहे. पासवर्ड पाठ करायचा नाही, दर वेळी त्या रीतीने तो तयार करायचा. रीत कोणती ते अर्थातच इथे सांगत नाही, आमच्या बँकेचे दोन सहकारी समोर बसले आहेत!

मग उन्हाळा. उटहोफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवले की व्यायाम केल्यावर या रुग्णांची दृष्टी काही वेळापुरती मंदावते. पुढे कळले की कारण श्रम नव्हे, शरीराचे वाढलेले तापमान. झिजलेल्या तंतूंना एक-अर्धा अंश उष्णताही सोसत नाही. अंग थंड झाले की पूर्ववत होते, त्याने आजार वाढत नाही. हे माहीत नसेल तर माणूस घाबरतो. आता आपला ३१ मार्च पाहा. वर्षअखेरीचे हिशेब, रात्री उशिरापर्यंत बसणे, आणि बाहेर आपल्या कोरेगाव तालुक्याचा उन्हाळा. जणू कोणी मुद्दाम जुळवून आणले आहे. मी ओला रुमाल मानेवर ठेवते, थंड पाण्याची बाटली जवळ ठेवते आणि पंख्याखालची खुर्ची हक्काने मागते. ताप आला तरी असेच होते. म्हणून साध्या तापात, लघवीच्या जंतुसंसर्गातसुद्धा डोके गोंधळते. अशा वेळी आजार बळावला असे परस्पर ठरवण्याआधी तापाचे कारण शोधावे.

औषधांविषयी थोडक्यात. पहिले इंटरफेरॉन औषध १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्यानंतर बरीच आली. ती झटके कमी करतात, झीज रोखतात. झालेली झीज भरून काढत नाहीत, आणि डोक्याचा हरवलेला वेग परत आणणारी खात्रीची गोळी अजून तरी नाही. मात्र नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइड, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही विस्मरण वाढते, आणि यांवर उपाय आहेत. आधी ते तपासून घ्यावेत. आणि आज घरी जाऊन "मीही किल्ल्या विसरतो, मला एम.एस. झालाय" असे कोणी समजू नये. किल्ल्या सगळेच विसरतात.

आता जे बोलायला मला सर्वात जड जाते त्याकडे येते. कार्यालयात सांगायचे की नाही?

आजाराचे निदान झाल्यावर दोन वर्षे मी डोक्याच्या त्रासाविषयी कोणालाही सांगितले नाही. पायाचे सांगितले होते, कारण ते दिसतच होते. डोक्याचे लपवले. कारण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आपण राखीव जागेतून आलेली माणसे. मी नोकरीला लागले तेव्हा एका शाखेत, कोणत्या ते सांगत नाही, माझ्यामागे एक सहकारी म्हणाले होते, "यांना डोक्याचं काम देऊ नका, खिडकीवर बसवा." तेव्हा मला कोणताही आजार नव्हता, माझा कामाचा वेग त्यांच्यापेक्षा जास्त होता, आणि तो मी त्यांना दाखवूनही दिला होता. ज्या एका गोष्टीच्या जोरावर मी त्या माणसाचे तोंड बंद केले, नेमकी तीच या आजाराने काढून घेतली. अशा वेळी साहेबांपुढे उभे राहून "साहेब, माझं डोकं सावकाश चालतं" असे म्हणायचे, म्हणजे त्या वाक्यावर आपल्याच हाताने शिक्का मारून द्यायचा. मी एकटी सावकाश आहे असे कोणी म्हणणार नव्हते. "हे लोक असेच" असे म्हणणार होते. माझ्या मागून येणाऱ्या मुलींच्या वाट्याला तेच येणार होते. म्हणून मी गप्प राहिले, घरी काम नेता येत नाही तर पहाटे लवकर जाऊन बसू लागले, दुप्पट राबून वेग भरून काढू लागले. त्या वेळच्या परिस्थितीत ते मला योग्य वाटले, आणि आजही कोणी तसे करीत असेल तर मी त्याला नावे ठेवणार नाही. इतकेच की शरीराला ते परवडत नाही.

पुढे मी सांगितले. एका साहेबांनी ते सबब म्हणून ऐकले. त्यांची बदली झाली, आणि दुसरे आले. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "मॅडम, तुमचं काम कोणत्या वेळेत उत्तम होतं?" माझ्या नोकरीत मला कोणी विचारलेला हा सर्वात शहाणपणाचा प्रश्न. आजाराचे नाव त्यांना उच्चारता येत नव्हते. त्याची गरजही नव्हती. आठवड्याभरात माझे टेबल दारापासून हलले, पंख्याखाली आले, आणि गर्दीच्या दिवसांत मला रोख काउंटरऐवजी मागच्या बाजूचे काम मिळाले. खर्च? शून्य रुपये.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. ऐन किशोरवयात कमरेखालचे शरीर निकामी झाले, तरी त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. त्यांच्यासारख्यांच्या धडपडीमुळे आज सरकारी इमारतीला पायऱ्यांशेजारी उतार बांधावा लागतो. निदान बांधायला हवा हे तरी मान्य होते. उतार दिसतो, त्याची लांबी-रुंदी मोजता येते, बिल काढता येते. डोक्यासाठी उतार कसा बांधायचा, हा माझा प्रश्न आहे. माझ्या मते तो असाच बांधायचा: तोंडी सूचनेऐवजी लेखी सूचना, एका वेळी एक काम, शांत जागा, थोडा जास्त वेळ, मध्ये विश्रांती.

हे कोणाच्या मेहेरबानीवर सोडलेले नाही, हेही समजून घ्या. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यांत या आजाराचे नाव नव्हते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, आणि दीर्घकालीन मज्जाविकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम २० नीट वाचा. शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी दिल्या पाहिजेत. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कोणाला काढून टाकता येत नाही, त्याचा दर्जा कमी करता येत नाही. त्या जागेचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या जागी घ्यावे, तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अतिरिक्त पद निर्माण करून त्यावर ठेवावे. राष्ट्रीयीकृत बँका यात येतात. खाजगी नोकरीत हे बदलीचे संरक्षण नाही, ही उणीव आहे आणि ती मोठी आहे. मात्र समान संधीचे धोरण जाहीर करणे, कलम २१ प्रमाणे, त्यांनाही बंधनकारक आहे. शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असतो, कलम २३ खाली. त्याचे नाव विचारून घ्या. विचारले की कळते.

"माझे दिव्यांगत्व चाळीस टक्के भरत नाही, मग मला काय मिळणार?" असे पुष्कळ जण विचारतात. आरक्षणासारख्या काही लाभांना चाळीस टक्क्यांची अट आहे. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात ठरवले की वाजवी सोय मिळण्यासाठी ती अट नाही. त्या तरुणाला लिहिताना हाताला पेटके येण्याचा मज्जाविकार होता आणि परीक्षेत त्याला लेखनिक हवा होता. निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा. चाळीस टक्क्यांच्या भिंतीशी अडकलेल्या प्रत्येकाने हा निकाल जवळ ठेवावा.

घरचे थोडे. कार्यालयात निदान कायदा आहे. स्वयंपाकघरात कोणता? दूध गॅसवर असताना लेकीने शाळेचे विचारले, बाहेरून कोणी हाक मारली, म्हणजे काउंटरच झाला. घरातल्यांना मी सांगून ठेवले आहे की मी गॅसजवळ असेन तोवर माझ्याशी बोलायचे नाही. सासूबाईंना पहिल्यांदा तो उर्मटपणा वाटला. आता त्याच इतरांना गप्प करतात. आठवणीची कामे, म्हणजे लाइट बिल, शाळेची फी, कोणाचे लग्न कोणत्या तारखेला, ही मी नवऱ्याकडे दिली आहेत. सुरुवातीला दोन लग्ने आमची चुकली. पण पुरुषांनाही तारखा लक्षात ठेवता येतात, हे सिद्ध झाले.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून मुंबईत काम करते, पुण्यातही तिची शाखा आहे. तिथे गेल्यावर माझ्यासारखीच वही काढून लिहिणारी माणसे मला पहिल्यांदा भेटली. आपल्या भागात कोणाला हा आजार असेल तर एकटे बसू नये, तिथे संपर्क साधावा.

शाखाधिकाऱ्याला द्यायच्या अर्जाचा एक नमुना मी मराठीत तयार केला आहे. त्यात आजाराचे रडगाणे नाही. चार ओळी आहेत: निदान काय, प्रमाणपत्र कोणाचे, कोणते काम कसे दिल्यास पूर्ण करता येईल, आणि कायद्याचे कलम. प्रती मंडळाच्या वाचनालयात ठेवल्या आहेत. बँकेशिवाय इतर खात्यांनाही तो चालेल, फक्त वरचा पत्ता बदलायचा. शिक्षक, एस.टी.तले, पोस्टातले, सर्वांनी न्यावा. तिसऱ्या ओळीवर जास्त वेळ घालवा. "हलके काम द्यावे" असे लिहू नका. हलके म्हणजे काय ते साहेब ठरवतील, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. "सकाळी ११ ते २ या वेळेत ठेवींचे काम विनाव्यत्यय दिल्यास" असे लिहा.

अजून दहा मिनिटे आहेत असे अध्यक्ष खुणावत आहेत. प्रश्न जरूर विचारा. एकेकाने विचारा, आणि मला ते वहीत लिहून घेऊ द्या. दोघांनी एकदम विचारले तर पहिल्याचा प्रश्न माझ्याकडून सुटेल.